जुळे सोलापुरातला रविवारचा खगोल क्लास : विश्व पसरतंय ते कशावरून?

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. क्लासचं नाव आणि सरांचा नंबर इथं टाकत नाहीये कारण सरांनीच तसं सांगितलंय, हॉल छोटा आहे आणि फोन घेत बसणं त्यांना जमत नाही. जुळे सोलापुरात एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर हॉल, रविवारी संध्याकाळी ६ ते ८.३०, फी १५०० रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि शेवटी एक रात्र शेतावर दुर्बीण. सर इथल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेत. सगळं मराठीत चालतं, म्हणजे आपण बोलतो त्या मराठीत, रेडशिफ्टला रेडशिफ्टच म्हणतात.

मी चिंचोळी एमआयडीसीत अकाउंट्स बघते, फिजिक्स बारावीपर्यंतच झालंय. भाचा अकरावीला आहे, त्याच्याबरोबर मी पण फी भरली. खगोलाचे कार्यक्रम आपल्याकडं होतात, नाही असं नाही, पण बहुतेक ठिकाणी चंद्राचे खड्डे, शनीची कडी आणि मग एक व्हिडिओ की १३८० कोटी वर्षांपूर्वी बिग बँग झाला, टाळ्या. कशावरून झाला हे कोणी सांगत नाही. या क्लासमध्ये दीड महिना फक्त 'कशावरून' एवढंच चालतं आणि म्हणून हा रिव्ह्यू एवढा लांबलाय, वाचायला वेळ नसेल तर शेवटचा पॅरा वाचा.

पहिल्या रविवारी सर एक मोठा तक्ता आखायला लावतात, फळ्यावर पण आणि प्रत्येकाच्या वहीत पण. डाव्या बाजूला तीन नावं. पहिलं बिग बँगवालं पसरणारं विश्व. दुसरं हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेलं स्थिर स्थितीचं विश्व, ते पण पसरतंच, फक्त मधल्या रिकाम्या जागेत नवीन पदार्थ तयार होत राहतो म्हणून कुठल्याही काळात बघा, सारखंच दिसणार. तिसरं फ्रिट्झ झ्विकीचं १९२९ चं टायर्ड लाइट, म्हणजे विश्व पसरतबिसरत काही नाही, प्रकाशच एवढ्या लांबून येता येता दमतो, ऊर्जा गमावतो म्हणून लाल दिसतो. आणि वरच्या बाजूला एकेक कसोटी. नियम असा की आकाशात प्रत्यक्षात काय दिसलं ते सर नंतर सांगणार, त्याच्या आधी तिन्ही मॉडेलांचं भाकीत काय ते आपण त्या चौकोनात पेनानं लिहायचं आणि खोडायचं नाही. मुलांचे गट पाडलेले असतात, एकेक गट एकेका मॉडेलच्या बाजूनं भांडतो. भाचा टायर्ड लाइटच्या गटात होता आणि पहिले दोन आठवडे तो खरंच घरी येऊन माझ्याशी वाद घालायचा.

तर पहिली कसोटी, रेडशिफ्ट. लांबच्या दीर्घिकांचा प्रकाश लालकडे सरकलेला दिसतो का. तिन्ही गटांनी लिहिलं, हो दिसणार. सरांनी तिन्ही चौकोनांत टिक केली आणि म्हणाले झालं, ही कसोटी वाया गेली, तिघंही पास. मला तिथं एकदम थांबल्यासारखं झालं कारण आजवर मी जेवढं बघितलं वाचलं त्यात सगळीकडं हेच की रेडशिफ्ट दिसला म्हणजे विश्व पसरतंय हे सिद्ध झालं, विषय संपला. रेडशिफ्ट नुसता दिसला तर त्यावरून तिघांत निवड करताच येत नाही हे एवढ्या सरळ कोणी दाखवलं नव्हतं. पूर्ण क्लासचा जीव या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं, ज्या कसोटीत सगळेच पास होतात ती कसोटीच नाही, जिथं कोणीतरी नापास होऊ शकतं तीच खरी.

इतिहास सर पटपट घेतात पण जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबतात. स्लायफरनं १९१२ पासून लॉवेल वेधशाळेत तेजोमेघांचे, म्हणजे आज ज्यांना आपण दीर्घिका म्हणतो त्यांचे, वर्णपट घेतले, बहुतेक सगळे लांब जाताना दिसले. लेमेत्रनं १९२७ मध्ये गणितातून प्रसरण काढलं, हबलनं १९२९ मध्ये २४ दीर्घिकांचं अंतर आणि वेग एका आलेखावर मांडला, जितकी लांब तितकी वेगानं दूर जाते, आता २०१८ पासून आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या शिफारशीनुसार त्याला हबल-लेमेत्र नियम म्हणतात. इथपर्यंत कुठंही मिळेल. पण हबलचा त्या वेळचा आकडा होता साधारण ५००, म्हणजे दर मेगापार्सेकला (अंतराचं माप, साधारण ३३ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ५०० किलोमीटर. सरांनी सगळ्यांना कॅल्क्युलेटर काढायला लावला आणि त्यावरून विश्वाचं वय काढायला सांगितलं. उत्तर येतं साधारण २०० कोटी वर्षं. आणि पृथ्वीवरच्या खडकांचं वय किरणोत्सारावरून त्याहून जास्त निघत होतं! म्हणजे आईपेक्षा मुलगी मोठी. सर म्हणाले त्या काळात तुम्ही असता तर बिग बँगवर विश्वास ठेवला असता का, आणि वर्गातले बहुतेक जण नाही म्हणाले, मी पण. स्थिर स्थितीचं मॉडेल हॉइल वगैरेंनी आणलं त्यामागं हे पण एक कारण होतं, त्यात विश्वाला वयच नाही त्यामुळं भांडणच नाही. मग १९५२ मध्ये वाल्टर बाडेनं दाखवलं की अंतरं मोजायला जे सेफिड तारे, म्हणजे ठरावीक लयीत तेज कमीजास्त होणारे तारे, वापरले ते दोन प्रकारचे असतात, अंतरं एकदम दुपटीनं वाढली आणि वय पण वाढलं. मॉडेल चुकीचं नव्हतं, फूटपट्टी चुकीची होती. पण ते १९५२ पर्यंत कोणाला माहीत?

आता सगळ्यात भारी रविवार, सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाच्या, घड्याळाचा.

आधी गच्चीवर नेलं. तिथून होटगी रोडचे दिवे ओळीनं दिसतात, सगळे सारखेच, जवळचा झगझगीत आणि लांबचा मिणमिणता, त्यावरून कोणता दिवा किती लांब ते काढता येतं, टाइप वन-ए सुपरनोव्हा हा असाच ठरलेल्या तेजाचा दिवा. बास, एवढंच सांगून खाली आलो. मग प्रत्येकाला दोन आलेख वाटले, एक जवळच्या सुपरनोव्हाचा, एक खूप लांबच्याचा, रेडशिफ्ट ०.५ चा, म्हणजे ज्याच्या प्रकाशाची तरंगलांबी १+०.५, दीडपट झालीये. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर तेज. जवळचा साधारण १८-२० दिवसात पूर्ण तेजाला पोचतो आणि मग उतरत जातो. लांबचा त्याच चालीनं चढतो उतरतो पण सगळं सावकाश. काम काय तर ट्रेसिंग पेपर घ्यायचा, लांबच्या आलेखाचा प्रत्येक ठिपका घेऊन त्याचे दिवस १.५ नं भागायचे आणि नवीन जागी ठिपका द्यायचा, मग तो ट्रेसिंग पेपर जवळच्या आलेखावर ठेवून उजेडाकडं धरायचा. मी ट्यूबलाइटखाली धरला आणि दोन्ही वक्र एकमेकांवर बसले, चढ पण आणि उतार पण. पेन्सिलचे माझे ठिपके वाकडेतिकडे होते तरी बसले. अकाउंट्समध्ये ताळेबंद जुळतो तेव्हा कसं वाटतं ते मला माहितीये, पण हे वेगळंच होतं, काही अब्ज वर्षं जुन्या स्फोटाचं घड्याळ माझ्या हातात जुळलं होतं.

त्याच दिवशी आमच्या बॅचमधल्या एका दादांनी जो प्रश्न विचारला तो मी विसरणार नाही. अशोक चौकाकडचे, पूर्व भागातले, पॉवरलूमवर काम करतात, घरी तेलुगू, मराठी एकदम सोलापुरी, पूर्ण क्लासमध्ये फार बोलायचे नाहीत. ते म्हणाले, सर, प्रकाश दमला तर त्याचा रंग बदलंल, ते मान्य, पण दमल्यामुळं स्फोटाला जास्त दिवस कशाला लागतील? रंग दमला, दिवस कशाला दमतील? सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले तुम्ही आत्ता टायर्ड लाइट पाडलंत. आणि खरंच तेवढंच आहे हो. जागाच ताणली जात असेल तर स्फोटाच्या पहिल्या दिवशी निघालेला प्रकाश आणि दहाव्या दिवशी निघालेला प्रकाश यांच्यातलं अंतर पण वाटेत ताणलं जातं, म्हणून इथं दहा दिवसांचे पंधरा दिवस होतात. प्रकाश नुसता ऊर्जा गमावत असेल तर दहाचे दहाच राहणार. ही कसोटी ऑलिन विल्सननं १९३९ मध्येच सुचवली होती, पण एवढे लांबचे सुपरनोव्हा सापडायला आणि नीट मोजता यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. आणि २०२४ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेच्या टीमनं १५०४ सुपरनोव्हा घेऊन हेच मोजलं, वेळ (१+रेडशिफ्ट) च्या ज्या घातानं ताणला जातो तो घात १ यायला पाहिजे, आला १.००३. टायर्ड लाइटप्रमाणे तो शून्य यायला पाहिजे होता. भाच्याच्या गटानं वहीत पेनानं 'ताणणार नाही' लिहिलं होतं, त्याच्यावर सरांनी लाल फुली मारली. त्या दिवशी घरी येताना गडी गप्प होता.

टोलमनच्या कसोटीचा रविवार अवघड आहे, आधीच सांगून ठेवते, लॉग येत नसेल तर आदल्या दिवशी बघून जा. रिचर्ड टोलमननं १९३० मध्ये सांगितलं की पसरणाऱ्या विश्वात दीर्घिकेच्या पृष्ठभागाचं तेज, म्हणजे आकाशातल्या एवढ्याशा चौकोनातून किती उजेड येतो ते, रेडशिफ्टबरोबर चौथ्या घातानं कमी होणार. चार कुठून आले हे सरांनी फळ्यावर एकेक करून दाखवलं, एक घात प्रत्येक फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा कमी होते म्हणून, एक घात दर सेकंदाला कमी फोटॉन पोचतात म्हणून, आणि दोन घात प्रकाश निघाला तेव्हा ती दीर्घिका आपल्या जवळ होती त्यामुळं आकाशात ती मोठी पसरलेली दिसते म्हणून. टायर्ड लाइटमध्ये फक्त पहिला, घात एकच. म्हणजे रेडशिफ्ट १ ला एकाच्या मते तेज १६ पटीनं कमी, दुसऱ्याच्या मते फक्त दुप्पट कमी, एवढा मोठा फरक. मला वाटलं झालं, मोजा आणि निकाल लावा. तर तसं नाही. लुबिन आणि सँडेज यांनी २००१ मध्ये मोजलं तेव्हा घात साधारण २.६ ते ३.४ च्या मध्ये आला, कुठल्या रंगात बघता त्यावर. ना एक, ना चार. कारण लांबच्या दीर्घिका म्हणजे तरुण दीर्घिका, त्यांच्यातले तारे जास्त तेजस्वी, तेवढं तेज वजा केलं की चारशी जुळतं. इथं एका मुलीनं विचारलं की सर मग ही दुरुस्ती आपल्या मनासारखं उत्तर आणायला केली असं कोणी म्हणलं तर? सर चिडले नाहीत. म्हणाले बरोबर प्रश्न आहे, म्हणून या कसोटीला मी एकटीला कधी कोर्टात उभी करत नाही, एक घात मात्र कुठल्याच दुरुस्तीनं जमत नाही कारण त्यासाठी दीर्घिका आधी अंधुक होत्या आणि म्हाताऱ्या होताना उजळल्या असं मानायला लागेल आणि तारे तसे वागत नाहीत. मला हे आवडलं की कसोटी किती पक्की आणि किती कच्ची ते पण सांगतात, सगळं एकाच तागडीत घालत नाहीत.

मग नारळीकरांचा रविवार. आपल्याकडं जयंत नारळीकर म्हणलं की विज्ञानकथा आणि आयुका ही पुण्याची खगोल संस्था एवढंच बहुतेकांना माहिती, पण कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस केंब्रिजमध्ये हॉइलचा विद्यार्थी म्हणून या भांडणाच्या अगदी मध्यात उभा होता. केंब्रिजमध्येच मार्टिन रायल आकाशातले रेडिओ लहरी सोडणारे स्रोत मोजत होते, अंधुक, म्हणजे लांबचे आणि जुन्या काळातले, स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, म्हणजे पूर्वीचं विश्व आजच्यासारखं नव्हतं, म्हणजे स्थिर स्थिती गेली, असं त्यांनी १९६१ मध्ये जाहीर केलं. हॉइल आणि नारळीकरांनी त्याला उत्तर दिलं, की तुमच्या मोजणीचा दुसरा पण अर्थ लागतो. नारळीकर तेव्हा अजून पीएचडी करत होते. विरोधी बाजू अशी भक्कम असल्यामुळं बिग बँगवाल्यांना आपली मोजणी पुन्हा पुन्हा तपासून घट्ट करायला लागली असं सर म्हणतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज जरा भरून आला होता, २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हाची गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली आणि पुढं गेले.

पण आदर ठेवून सुद्धा सरांनी स्थिर स्थितीच्या चौकोनात फुली मारलीच. १९६५ ला पेंझियास आणि विल्सन यांना चहूबाजूंनी येणारे मायक्रोवेव्ह सापडले, मग कोबे उपग्रहानं त्याचा वर्णपट घेतला आणि तो १९९० मध्ये दाखवला तेव्हा कृष्णवस्तूच्या (फक्त स्वतःच्या तापमानामुळं प्रकाश देणाऱ्या आदर्श वस्तूच्या) वक्रावर इतका तंतोतंत बसला की चुकीला जागाच नाही, तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० सेल्सिअसच्या आसपास. सगळं विश्व कधीकाळी दाट आणि गरम होतं असं धरलं की हे आपोआप येतं, स्थिर स्थितीत वेगळी खटपट करायला लागते. नारळीकर, हॉइल आणि बर्बिज यांनी १९९३ मध्ये सुधारित मॉडेल आणलं त्यात ती खटपट आहे, सरांनी ती पण नीट समजावली, कोणाची टिंगल केली नाही. आणि एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, जुन्या स्थिर स्थितीच्या मॉडेलचं भाकीत होतं की प्रसरणाचा वेग वाढत जाणार, आणि १९९८ मध्ये दोन टीमना सुपरनोव्हावरून तसंच सापडलं, २०११ चं नोबेल त्यालाच मिळालं. मग ते मॉडेल बरोबर का? तर नाही, एक उत्तर बरोबर आलं म्हणून बाकीचे नापास विषय पास होत नाहीत.

या सगळ्यात माझी आवडती कसोटी म्हणजे जुन्या काळचं तापमान, आणि ती आपल्या पुण्याच्या माणसानं केलेली आहे. मॉडेल म्हणतं की विश्व लहान होतं तेव्हा हे मायक्रोवेव्ह जास्त गरम होते, तापमान (१+रेडशिफ्ट) पटीनं जास्त. पण तेव्हाचं तापमान आज बसून मोजायचं कसं? लांबच्या क्वेझारचा, म्हणजे दीर्घिकेच्या अतिशय तेजस्वी केंद्राचा, प्रकाश वाटेत एखाद्या वायूच्या ढगातून येतो, त्या ढगातले कार्बनचे अणू किती उद्दीपित आहेत, म्हणजे किती जण वरच्या ऊर्जेला गेलेत, ते वर्णपटातल्या बारीक रेषांवरून कळतं आणि तो अणूच तिथला थर्मामीटर होतो. आयुकाचे आर. श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं रेडशिफ्ट २.३४ च्या ढगाचं तापमान असं काढलं आणि २००० साली छापलं, ६ ते १४ केल्विनच्या मध्ये, भाकीत होतं ९.१. मग २००८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडचे रेणू वापरून दुसऱ्या ढगात अजून नेमकं, ९.१५, भाकीत ९.३. स्थिर स्थितीवाल्यांच्या चौकोनात लिहिलं होतं २.७, तेव्हाही आणि आताही. मला खरंच अंगावर काटा आला. हजार कोटी वर्षांहून जुना ढग आणि त्याचं तापमान पुण्यातल्या माणसानं काढलेलं, हे शाळेच्या पुस्तकात का नाही?

आता अर्धा मार्क. शेवटच्या रविवारी सरांनी खूपच गर्दी केली. बॅरिऑनच्या ध्वनिलाटांची फूटपट्टी, म्हणजे सुरुवातीच्या गरम विश्वातल्या ध्वनिलाटांनी पदार्थात मागं ठेवलेली खूण, साधारण ४९ कोटी प्रकाशवर्षांची, २००५ मध्ये दीर्घिकांच्या मांडणीत सापडलेली, ती पंधरा मिनिटात. हबल टेन्शन, म्हणजे हबलच्या त्याच प्रसरणाच्या आकड्याचं आजचं भांडण, ते मायक्रोवेव्ह मोजणाऱ्या प्लँक उपग्रहावरून निघणारा आकडा ६७.४ आणि सेफिड-सुपरनोव्हावरून निघणारा ७३, दोघांच्याही चुकीच्या मर्यादा छोट्या आणि तरी एकमेकांना शिवत नाहीत, आजचं सगळ्यात मोठं भांडण, ते वीस मिनिटात. मार्च २०२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेझी प्रकल्पानं दीड कोटीच्या आसपास दीर्घिका-क्वेझारांवरून दाखवलं की डार्क एनर्जी, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी ती अज्ञात ऊर्जा, काळाप्रमाणे बदलत असावी, आकडे कुठले जोडता त्यावर २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल किती पक्का त्याचं माप), शोध म्हणायला ५ लागतात, ते तर जाता जाता. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकले त्याच्या गुरुत्वीय लहरींवरून सेफिडबिफिड काही न वापरता आकडा निघाला, ७० च्या आसपास पण चूक मोठी, अशा धडका जास्त सापडल्या की भांडण मिटू शकतं आणि आपल्या हिंगोलीत औंढ्याला लायगोचं, या लहरी मोजणारं, जे केंद्र होतंय त्याचा यात उपयोग होणार, हे ऐकून सगळे सरसावून बसले आणि तेवढ्यात साडेआठ वाजले. जिथं अजून निकाल लागलेला नाही, जिथं तक्त्यातला चौकोन कोराच आहे, तिथं तर जास्त वेळ पाहिजे होता ना सर. सरांना मी हे तोंडावर सांगितलंय, पुढच्या बॅचला एक रविवार वाढवायचा विचार करतो म्हणाले.

बाकी किरकोळ. लिफ्ट नाही, गुडघ्याचा त्रास असेल तर तीन मजले जड जातात. मार्चनंतर हॉल तापतो, पंखे आहेत पण सोलापूरचा उन्हाळा पंख्याला ऐकतो का. झेरॉक्स फिकट आहेत, दोन-तीन आलेखांचे अक्षावरचे आकडे वाचताच येत नाहीत, शेजारच्याचं बघून लिहायला लागतं, १५०० घेताय तर झेरॉक्स तरी चांगल्या मशीनवर काढा. सुटायला हमखास उशीर होतो, तेव्हा बसच्या भरवशावर असाल तर रिक्षाचे पैसे धरून चाला.

शेतावरची रात्र नान्नजच्या बाजूला एका विद्यार्थ्याच्या शेतात झाली, अमावस्येच्या जवळची. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, पोटभर. तिथं सरांनी गुरू-शनी फार वेळ दाखवलेच नाहीत, सरळ कन्या राशीतला ३सी २७३ लावला. हा क्वेझार, १९६३ मध्ये मार्टेन श्मिटनं ज्याचा रेडशिफ्ट ओळखला तो. दुर्बिणीत बघितलं तर एक अंधुक ठिपका, ताऱ्यासारखाच, काही विशेष नाही. मग कॅमेऱ्यापुढं बारीक रेषांची ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी पट्टी, लावली आणि आधी उत्तरा फाल्गुनी ताऱ्याचा वर्णपट घेतला, लॅपटॉपवर लांबट पट्टा आला आणि त्यात हायड्रोजनच्या काळ्या रेषा, त्यावरून पट्टी बसवली, इथं ४८६ नॅनोमीटर. मग क्वेझारचे बरेच फोटो एकावर एक रचून त्याचा पट्टा. फिकट होता, दाणेदार, पण एका जागी स्पष्ट उंचवटा. सरांनी भाच्याला मोजायला लावलं. ५६३ च्या आसपास. हीच ती हायड्रोजनची ४८६ वाली. ५६३ भागिले ४८६, कॅल्क्युलेटरवर १.१५८. पुस्तकातला रेडशिफ्ट ०.१५८ च आहे, दाणेदार पट्ट्यावर एवढं नेमकं जमेल असं सरांनाही वाटलं नव्हतं. तो प्रकाश साधारण २०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका ज्वारीच्या रानात आमच्या भाच्यानं तो मोजला. आणि टायर्ड लाइटवाला भाचा स्वतःच म्हणाला, पण आत्या, एवढ्यावरून कुठलं मॉडेल बरोबर ते नाही सांगता येत.

कोणी जावं? नववीच्या पुढची मुलं, शिक्षक, आणि माझ्यासारखे ज्यांना 'असं असतं' ऐकून समाधान होत नाही ते. नीट-जेईईचे मार्क वाढवायला जाणार असाल तर नका जाऊ, अभ्यासक्रमातलं यात जवळपास काही नाही. लहान मुलांना घेऊन येऊ नका, शेतावरच्या रात्रीला चालतील पण वर्गात कंटाळतील. पुढची बॅच गड्ड्याची यात्रा संपल्यावर सुरू होणार आहे, जागा कमी असतात, फी पहिल्या रविवारी रोख. येताना आलेखाची वही, साधा कॅल्क्युलेटर, ट्रेसिंग पेपर आणि पेन आणा, पेन्सिलीनं भाकीत लिहिलेलं सर चालवून घेत नाहीत.